बायकू माझी, रगत माझं

परळ, मुंबई
१४ ऑक्टोबर १९७१

ती. दादास,
भिमाचा जयभीम.

हे पत्र फाडायचंच असेल तर निदान अर्धं वाचून फाड. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे आणि माझाही तोच आहे, त्यामुळे जास्त मागत नाही.

आईने वहिनीच्या भावाकडून, जगनकडून, चार ओळी लिहून घेतल्या, त्या काल मिळाल्या. वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. आणि तू विंझर सोडून वरव्याला, कामाच्या जागीच राहायला गेलास. गवंड्याला कामाच्या गावी राहावं लागतं एवढं मलाही कळतं. पण वरव्याहून विंझरला यायला एस्टी आहे, आणि गेले दोन महिने तुला ती कधी सापडली नाही असं आई म्हणते. वर चिमाजीकाका सारोळ्याला तुझ्यासाठी मुलगी बघून आलेत. काकांना सांग, पहिली बायको नांदत असताना दुसरी करणं आता कायद्यात बसत नाही. ते म्हणतील कायदा पुण्यात. मग हेही सांग, की काकांच्या लाडक्या पुतणीला पुण्यातले वकील ओळखतात. ओळखत नाहीत, पण तू सांग.

मे महिन्यात मी वहिनीच्या दंडातून रक्त काढत होते आणि तू दारातून म्हणालास, "माझ्या मेल्या लेकरांवर तुला डिग्री पायजे व्हय?" मी थेट एस्टी पकडली. आज उत्तर देते. हो, माझा प्रबंध त्याच विषयावर आहे. रक्ताच्या लाल पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याच्यावर मी गेली तीन वर्षं काम करतेय. पण हा विषय मला दस्तूर बाईंनी दिला नाही, मी मागून घेतला. दस्तूर बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक, फार कडक आहेत. त्यांनी विचारलं, हाच का? मी म्हणाले, घरी तीन मुलं गेलीत. त्यांनी विषय लिहून घेतला.

थोरली रतन धडधाकट जन्मली. तिच्या पाठचा दुसऱ्या दिवशी हळदीसारखा पिवळा पडून गेला, त्याच्या पाठची तशीच गेली, तिसरा जन्मला तोच निपचित. गाव म्हणालं नजर, आई अजूनही चोरून सटवाईचं नाव घेते, काका म्हणाले बायकोच्या कुशीत खोट आहे. दादा, खोट नाही, तुम्हा दोघांच्या रक्ताचा मेळ नाही. मला कारण सापडलंय, आणि या वेळचं मूल वाचवता येईल. नक्की म्हणत नाही. येईल म्हणते.

उत्तर पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

भिमा

———

परळ, मुंबई
१२ डिसेंबर १९७१

ती. दादास जयभीम.

तुझं कार्ड आलं. मी भिंतीला टेकून तीनदा वाचलं. लढाईमुळे इथे अंधार पडला की दिवे घालवावे लागतात, खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय. म्हणून दुपारच्या सुट्टीत लिहितेय. शेजारी डबा उघडा आहे आणि भाजी गार होतेय.

आधी तुला समजेल असं सांगते. समजलं नाही तर दोष माझा. आपल्यातल्या बहुतेकांच्या लाल पेशींवर ते प्रथिन असतं. आईच्या हातावर गोंदण आहे ना, तसं समज. वहिनीच्या पेशी कोऱ्या आहेत. शंभरात चार-पाच माणसं अशी असतात, त्यात आजार नाही की कमीपणा नाही. पण पोटातलं मूल बापावर गेलं, तर त्याच्या पेशी गोंदलेल्या निघतात. आईच्या शरीराने ते गोंदण एकदा पाहिलं की ते परकं म्हणून लक्षात ठेवतं आणि त्याच्यावर धावून जाईल असं एक द्रव्य रक्तात तयार ठेवतं. त्याला आम्ही प्रतिपिंड म्हणतो. पुढच्या खेपेला हे प्रतिपिंड नाळेतून मुलापर्यंत पोचतं आणि त्याचं रक्त फोडतं. म्हणून मूल पिवळं पडतं. शरीर बिचारं राखण करत असतं. त्याला काय कळणार, की राखण कुणापासून चाललीय.

मे महिन्यात नेलेलं वहिनीचं रक्त मी तपासलं. त्यातलं वरचं पाणी गोंदलेल्या पेशींत मिसळलं, पातळ करत गेले, आणखी पातळ केलं, तरी नळीच्या तळाशी लाल गुठळ्या जमतच राहिल्या. इतकं जोरकस प्रतिपिंड आमच्या प्रयोगशाळेत कुणी पाहिलं नव्हतं. सगळे टेबलाभोवती जमले, दस्तूर बाईसुद्धा हसल्या. मी संडासात जाऊन रडून आले.

आता तुझं कार्ड. तू लिहिलंस: "तिच्या अंगात माझंच रगत हाय. भरल्या दवाखान्यात बाटली दिलीय. मंग मेळ न्हाई कसा म्हनतीस? आन मंग रतन कशी जगली?"

रतनचं सांगते. पहिलं मूल बहुधा सुटतं. शरीराची तोवर ओळख झालेली नसते.

आणि बाटलीचं म्हणशील तर मी होते की तिथे. कॉलेजात नवी होते, निरोप मिळाल्यावर धावत आले. रतन झाली आणि वहिनीचं रक्त थांबेना. नसरापूरपर्यंत बैलगाडी, तिथून विटांच्या ट्रकमध्ये घालून तुम्ही तिला पुण्याला आणलं होतंत. त्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, नातेवाइकांपैकी कोण देतं? जगनने बाही वर केली. तेव्हा तो केवढासा होता, पण पुढे झाला. काका म्हणाले, "मेव्हन्याचं रगत घिऊन बायकू वाचीवली म्हनत्याल. पोरगी दिली का माहेरचं सपलं." आणि तू जगनला दोन्ही हातांनी बाजूला सारून म्हणालास, "बायकू माझी, रगत माझं." गट जुळला. वहिनीच्या गालांवर हळूहळू रंग आला तेव्हा तू उभ्या उभ्या रडलास. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या दादासारखा माणूस पंचक्रोशीत नाही. आजही वाटतं.

पण तू विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर मी आज देत नाही. कागदावर नको. भेटू तेव्हा बोलू.

आणखी एक. जगनच्या गिरणीत तो पीठ दळत असताना मी मागच्या खेपेला त्याचंही रक्त घेतलं होतं. त्याच्या पेशीही कोऱ्या आहेत, बहिणीसारख्याच. जन्मल्याबरोबर मुलाचं फुटकं रक्त काढून असं कोरं रक्त घालावं लागतं, म्हणून जगन तयार राहतोय. आठव्या महिन्यात वहिनीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. तिथल्या डॉक्टरांशी दस्तूर बाई बोलल्यात. लवकर बाळंत करतील.

तू फक्त हो म्हण.

भिमा

———

विंझर
२३ जानेवारी १९७२

दादा,

मी घरी आलेय. तू नाहीस. तुझी करणी आणि ओळंबा मात्र खुंटीला आहेत, म्हणजे तू वरव्याला दुसऱ्याची अवजारं वापरतोस की काय? आई म्हणाली, "न्हेली न्हाई म्हंजी येनार हाय." आईचं हे असं आहे.

वहिनी वाळलीय. पोट तेवढं दिसतं. गुंजवणीवरून धुणं घेऊन आली, मला पाहून पदर सावरला आणि पहिल्यांदा विचारलं, "वन्सं, जेवला का?" मी रागावले. म्हटलं, अशा दिवसांत धुणं कसलं धुतेस? म्हणाली, "बसून तरी काय करू? बसलं का मोजाया लागते." काय मोजतेस, हे मी विचारलं नाही.

मग मी आणि जगनने मिळून तिला सगळं समजावलं. दवाखाना, लवकर बाळंतपण, रक्त बदलणं. तिने मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं पटलं. जगन म्हणाला, "अक्का, मी न्हेतो तुला. फेब्रुवारी सरली का निघू." तर ही मान वर करून म्हणते, "न्हाई."

मी थक्क झाले. दोघांनी किती डोकं फोडलं. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "वन्सं, भावाच्या हाताला धरून या उंबऱ्यातून गेले का मी सोडलेली झाले. मंग काकास्नी काय लागतंय? सारोळ्याचं वऱ्हाड दुसऱ्या दिशी येतंय. त्यांनी न्हेलं तर जाईन. न्हाई तर हितंच."

मी म्हणाले, अगं पण मूल? म्हणाली, "तिघं गेली तवा म्या हितंच हुते. ह्ये गेलं तर हितंच जाईल. पर माझं घर म्या माझ्या पायानं सोडत न्हाई."

दादा, मला तिचा इतका राग आला की ताट सारून उठले. मग अंगणात येऊन बसले तेव्हा कळलं, चूक काही बोलली नाही ती. माझ्या साऱ्या प्रयोगशाळेकडे याला औषध नाही. ते तुझ्याकडे आहे. आपण बौद्ध झालो, देव पाण्यात सोडले, पण बायकोला कुणी उंबऱ्याबाहेर काढलं याचा हिशेब अजून तसाच चालतो.

तुला तिच्यासमोर यायची लाज वाटते का? तिघांना माती देताना तू नव्हतास म्हणून? मी आईला विचारलं, ती चूल फुंकत बसली. असेल तर असू दे, लाजत लाजत ये. दुसरं लग्न करायचंच असेल तर हे मूल झाल्यावर माझ्याशी भांडून कर. आत्ता मात्र ये आणि तिला उंबऱ्यातून ने. पुढचं माझ्यावर सोड.

हे पत्र जगन हातोहात घेऊन येतोय. त्याच्यावर डाफरू नकोस.

भिमा

———

पुणे
१४ मार्च १९७२

दादा,

कुठे आहेस? वरव्याला जगन जाऊन आला. मुकादम म्हणाला, कुंडलिक कामावर आलाच नाही. सारोळ्याच्या पुलाच्या कामावर कुणीतरी पाहिलं म्हणे. म्हणून हे पत्र तिथल्या चहाच्या टपरीवर ठेवायला सांगितलंय.

आधी तुला हवं ते सांगते. मुलगी झाली. जिवंत आहे. जन्मली तेव्हा लिंबासारखी पिवळी होती. बेंबीतून नळी घालून डॉक्टरांनी थोडं थोडं रक्त काढलं, थोडं थोडं घातलं. पहिल्या खेपेला जगनचं. पिवळेपणा पुन्हा वाढला म्हणून काल आणखी एकदा, एका पोस्टमनचं, तोही कोऱ्या पेशींचा आहे आणि बोलावलं की सायकलवर येतो. आज तिने दूध ओढलं. ओरडते कशी, विचारू नकोस. तो आवाज तिला कुणाकडून मिळालाय हे सांगायला शास्त्र नको.

आता दुसरं.

तू आलास, वहिनीला हाताला धरून उंबऱ्यातून काढलंस, एस्टीत तिच्या पाठीमागे आपलं घोंगडं घातलंस. मी सगळं पाहत होते. मला वाटलं, जिंकलं. रक्तपेढीच्या खिडकीशी तू सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलास आणि बाही दंडापर्यंत वर केलीस. मी जिन्यात होते. मी पोचायच्या आत तिथल्या माणसाने विचारलं, "बाईंना पूर्वी कधी रक्त दिलंय?" तू छाती काढून म्हणालास, "म्याच दिलंय की. रतनच्या वक्ताला." त्याने कागदावर वहिनीचा आणि तुझा गट वाचला आणि म्हणाला, "अरेरे. मग तिथंच बिघडलं म्हणायचं." त्याला वाईट बोलायचं नव्हतं. त्याच्या हातात दिवसभर नळ्याच असतात. तू बाही खाली केलीस. जगन पुढे आला तेव्हा त्याला वाट देऊन बाजूला झालास. मी वळले तोवर जिन्यात तुझ्या चपलांचा आवाज.

हो दादा, ते खरं आहे. डिसेंबरात मी जे कागदावर नको म्हणाले ते हेच. पहिल्या बाळंतपणातही थोडी ओळख झाली असेल, ते आता कुणी ठरवू शकत नाही. पण बाटलीभर गोंदलेलं रक्त एका दमात अंगात गेलं, आणि वहिनीच्या शरीराने ते कायमचं लक्षात ठेवलं. गुठळ्या पाहिल्या त्या दिवशीच दस्तूर बाईंनी मला विचारलं होतं, हिला कधी रक्त भरलंय का? मी म्हणाले, विचारून सांगते. मला विचारायची काय गरज होती!

तेव्हा त्या दवाखान्यात एवढी तपासणी करत नसत. गट जुळला की झालं. तुला कळणं शक्य नव्हतं, त्या डॉक्टरांना कळलं नाही. जगनचं घेतलं असतं तर पुढचं टळलं असतं कदाचित, हेही तुझ्या मनात आलं असणार, म्हणून मीच लिहून टाकते. पण हेही लिहिते: त्या तासाला कुणीतरी रक्त दिलं नसतं तर वहिनी गेली असती. तुझ्या रक्तानेच ती उठून बसली. या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीतल्या आहेत, मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

मी हे तुझ्यापासून लपवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन. तू आयुष्यात एकाच गोष्टीचा तोरा मिरवलास, तो मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ?

वहिनीला मी काही सांगणार नव्हते. पण तू का गेलास, म्हणून तिने जगनला धरलं, आणि जगनला खोटं बोलता येत नाही. मग तिने मला बोलावलं. सगळं पुन्हा विचारलं. गोंदण, कोऱ्या पेशी, सगळं. मग मी तिला तेही सांगितलं, जे कधीतरी सांगायचंच होतं. आता एक इंजेक्शन निघालंय. कोऱ्या पेशींची बाई बाळंत झाली की लगेच दिलं, तर तिचं शरीर ते गोंदण लक्षातच ठेवत नाही, आणि पुढची मुलं सुखरूप जन्मतात. तिला स्वतःला त्याचा उपयोग नाही, तिची वेळ गेली. पण ते इंजेक्शन बनतं तिच्यासारख्या बायकांच्याच रक्तातून. ज्याने तिची तिघं नेली, तेच दुसरीचं वाचवतं.

हे सांगताना मला स्वतःची शरम वाटत होती. तूच बोलून ठेवलं होतंस ना, डिग्रीसाठी म्हणून. मी म्हणाले, वहिनी, तू नाही म्हणालीस तरी चालेल, माझा प्रबंध अडणार नाही. अडला तर अडू दे.

तिने पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "कागुद आना. त्यास्नी माझं मीच सांगते."

सोबतचं ते पत्र. एक शब्द मी बदललेला नाही.

भिमा

———

रतनच्या बापास,

सखू सांगते, वन्सं लिवत्यात.

प्वारगी झाली. रगत बदाललं. आता बरी हाय. डोळं उघडून बघतीया.

तुमच्या रगतानं म्या जगले आन तुमच्याच रगतानं तिघं गेली, आसं वन्सं म्हनत्यात. आसंल. त्या शिकल्याल्या हायत्या. म्या काल दिसभर त्याच इचारात हुते. मला लई रडू आलं. तुमी हितं आसता तर तुमच्या म्होरं रडले आसते. भिताडाम्होरं रडावं लागलं.

रगत दिलं त्याचा राग न्हाई. मी मरत हुते आन तुमी दिलं. दुसऱ्यानं दिऊ ने म्हनून जगनला ढकाललं, त्याचाबी न्हाई. त्या दिशी मला बरं वाटलं हुतं.

राग दुसऱ्याचा हाय. तिघं गेली तवा तुमी भायेर बसला आन उठून गेलात. वड्याकाठी माती द्याया परत्येक येळी जगन. आत ईऊन येकदाबी इचारलं न्हाई, सखू कशी हायस. मला वाटायचं, माझ्यात खोट हाय म्हनून त्वांड बघत न्हाईत. आता कळलं खोट कुनातच न्हाई, तर पुन्यांदा गेलात. रगत देताना बायकू माझी म्हनलात. मंग आता कुनाची झाले?

माझ्या रगताचं औशीद व्हतंय म्हनं. दुसरीचं लेकरू वाचतंय. अंगात ताकद आली का म्या देनार हाय. तुमाला इचारत न्हाई, सांगते.

शुक्करवारी सोडत्यात. जगननं टेम्पो ठरीवला हुता, म्या नगं म्हनले. त्येला सकाळीच गिरनीवर लावून देनार हाय. वन्संबी ममईला जातील. तुमी आनलं, तुमीच न्यायाचं. मी प्वारीला घिऊन दवाखान्याच्या पायरीवर बसन. संध्याकाळ झाली तरी बसन.

पर प्वारीला उनात धरवत न्हाई. ऊन चढायच्या आत या.